पोटात घालण्याची विद्या

६ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे अमेरिकेतल्या सिएटल शहरात मेरी ब्रुन्को या बाईंचा फोन वाजला. नंबर स्वीडनचा. कुणा लुच्च्याचा फोन असणार असे समजून बाईंनी तो बंद केला आणि त्या पुन्हा झोपी गेल्या. त्यांचे जुने सहकारी फ्रेड रॅम्सडेल त्या दिवशी डोंगरात भटकत होते आणि त्यांचा फोन बंद होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझाही निम्मा दिवस असले फोन कापण्यात जातो, त्यामुळे बाईंचे वागणे मला अगदी घरचे वाटले. फरक इतकाच, की मला येणारे फोन खरोखरच लुबाडण्यासाठी असतात आणि त्यांना आलेला फोन नोबेल पारितोषिकाचा होता. वैद्यकशास्त्राचे ते पारितोषिक त्या दोघांना आणि जपानच्या ओसाका विद्यापीठातले शिमोन साकागुची यांना मिळून जाहीर झाले.

आपल्याकडे ही बातमी दोन दिवस चमकली आणि मागे पडली. मी मात्र ती कापून ठेवली. शरीराची लढण्याची ताकद कशी वाढते, या शोधाला हे पारितोषिक नव्हते. ती ताकद आवरते कोण, या शोधाला ते होते. गेल्या काही वर्षांत आपण ज्या शब्दाचा जप केला, त्या ‘इम्युनिटी’कडे उलट्या बाजूने पाहायला लावणारी ही गोष्ट. आणि तिचा एक धागा माझ्या घरापर्यंत येतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आठवा ते २०२० साल. मार्च संपता संपता आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काढा, हळदीचे दूध, च्यवनप्राश अशा सूचना दिल्या. घरोघरी आले-मिरी-दालचिनीचे आधण चढले. बाजारानेही वारा ओळखला. बिस्किटांपासून मिठाईपर्यंत सगळ्यांवर ‘इम्युनिटी’चा शिक्का बसला. माणसे घाबरलेली होती, हातात दुसरे काही नव्हते. मी कुणाला हसत नाही, कारण मीही त्याच रांगेत उभा होतो.

माझा पुतण्या पुण्यात असतो. २०१८ साली त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा विकार असल्याचे निदान झाले. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, दिवसातून दहा-बारा वेळा रक्त पडत शौचाला जावे लागते. तिशीच्या आतला तरुण मुलगा घराबाहेर पडताना आधी स्वच्छतागृह कुठे आहे याची चौकशी करू लागतो. पोटाचे दुखणे चारचौघांत बोलण्याजोगे नाही, त्यामुळे तो एकटा पडत गेला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधे समजावून सांगितली तेव्हा वहिनी आणि मी समोर बसलो होतो. प्रतिकारयंत्रणा शांत करणाऱ्या गोळ्या म्हटल्यावर वहिनी कळवळून म्हणाल्या, “अहो डॉक्टर, आधीच याच्या अंगात शक्ती नाही, आणि तुम्ही आहे ती कमी करताय?” बाई म्हणाल्या, “काकू, याची शक्ती कमी नाहीये. ती नको तिथं खर्च होतेय.”

वाक्य आम्ही दोघांनी ऐकले. कळले कुणालाच नव्हते. गोळ्यांनी तो सावरला, नोकरीवर जाऊ लागला. मग कोविड आला. सप्टेंबर २०२० मध्ये मी त्याच्यासाठी एक बाटली घेऊन गेलो. वर ढालीचे चित्र, खाली ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. मी म्हणालो, “हे घे, आणि ती शक्ती मारणारी औषधं या दिवसांत जरा बेतानं घे.” बँकेत पस्तीस वर्षे काढलेला, चार कादंबऱ्या लिहिलेला काका सांगतो म्हणजे त्यात तथ्य असणार! त्याने गोळ्या बंदच केल्या. डिसेंबरात त्याला इस्पितळात दाखल करावे लागले आणि तो तीन आठवडे तिथे होता. बाटलीत काय होते ते मला आजही ठाऊक नाही. डॉक्टरांनी दोष दिला तो बंद केलेल्या गोळ्यांना. पण त्या बंद करण्याची बुद्धी बाटलीवरच्या शब्दाने दिली होती, आणि ती बाटली मी नेली होती.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो. वाचताना सगळ्यात आधी थक्क केले ते पोटाच्या भूगोलाने. पचनमार्गाच्या अस्तराच्या सगळ्या घड्या उलगडल्या तर टेनिसचे मैदान भरेल, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते. २०१४ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नव्याने हिशेब मांडला आणि आकडा सुमारे ३२ चौरस मीटरवर आला. म्हणजे आपल्या भाषेत साडेतीनशे चौरस फूट, मुंबईतले एक वन-रूम-किचन! या एवढ्या घराची आतड्यातली भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची. ती दर तीन ते पाच दिवसांनी नवी होते. भिंतीच्या एका बाजूला आपले रक्त आणि दुसऱ्या बाजूला अक्षरशः परके जग. आपण खातो तो प्रत्येक घास शरीराच्या दृष्टीने परका. त्यात जिवाणू. २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे आपल्याच घरात आपण अल्पसंख्य.

आणि प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा फौजफाटा नेमका याच भिंतीलगत तैनात आहे. मग रोज तिथे युद्ध का पेटत नाही? खरा प्रश्न हा आहे. आजार का होतो, हे त्या मानाने सोपे. आपण निरोगी कसे राहतो, हे कोडे.

बँकेतल्या माणसाला हे कोडे थोडे लवकर उमगते. शाखेत दोन जागा असतात, स्ट्राँग रूम आणि काउंटर. स्ट्राँग रूमचा नियम सोपा: कुणी परका शिरला की अलार्म. रक्त, मेंदू या शरीराच्या स्ट्राँग रूम. पण तोच नियम काउंटरला लावला तर शाखा दहा मिनिटांत बंद पडेल. तिथे दिवसाकाठी शेकडो अनोळखी माणसे येणारच, त्यांच्यासाठीच तर शाखा उघडी आहे. तिथे बसणाऱ्याने प्रत्येकाशी नीट वागायचे आणि तरीही शंभरात एखादी खोटी नोट ओळखायची. आतडे हे शरीराचे काउंटर आहे.

हा काउंटर चालतो कसा? भिंतीवर आधी बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर, आणि भिंतीला चिकटलेल्या आतल्या पदरात जिवाणूंना जवळपास थारा नसतो. म्हणजे पहिली व्यवस्था मारामारीची नाही, अंतर राखण्याची. दुसरी व्यवस्था आयजीए या प्रतिपिंडांची. ती दररोज काही ग्रॅम इतकी आतड्यात पाझरतात. प्रतिपिंड म्हटले की आपल्याला बाण आठवतो, पण ही मुख्यतः जिवाणूंना वेढून भिंतीपासून लांब ठेवतात. तिसरी व्यवस्था निर्णयाची. भिंतीलगतच्या काही पेशी आतड्यातल्या मालाचे नमुने उचलून लसिकाग्रंथींकडे नेतात आणि तिथल्या कोऱ्या टी पेशींना दाखवतात. हे अन्न आहे की शत्रू? भोवती इजा, जळजळ, धोक्याच्या खुणा असतील तर त्या टी पेशी लढाऊ होतात. सगळे शांत असेल, आणि अ जीवनसत्त्वापासून तयार होणाऱ्या द्रव्यासारखे काही ठरावीक संदेश मिळाले, तर त्याच पेशी वेगळे वळण घेतात आणि ‘नियामक’ टी पेशी होतात. त्यांचे काम इतरांना आवरण्याचे. २०२५ चे नोबेल या नियामक पेशींच्या शोधाचे आहे.

शोधाची कथा कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे. तिच्या आरंभाशी आपल्या मुंबईचाही एक दूरचा नातेवाईक भेटतो. परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे एली मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. या मेचनिकॉफनी १८८२ मध्ये ताऱ्यामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिला, आणि त्याभोवती धावून आलेल्या पेशी पाहून शरीराला स्वतःची सेना असते हे ओळखले. १९०८ चे नोबेल त्यांना जर्मनीच्या पाउल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. एर्लिख यांना वेगळीच भीती होती. हीच सेना उलटून घरच्यांवर धावली तर? शरीर असे कधी होऊ देत नसावे, असे त्यांचे मत होते. होऊ देत नाही, पण कसे, हे त्यानंतर कितीतरी दशके नीट कळले नाही.

छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची परीक्षा होते आणि स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी तिथेच निकालात निघतात, हे पुढे समजले. बहुतेकांना वाटले, झाले, प्रश्न मिटला. साकागुची मात्र एका जुन्या प्रयोगापाशी अडून बसले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढली, तर त्याची प्रतिकारयंत्रणा लुळी पडण्याऐवजी पिसाळते आणि स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. मग साकागुचींनी त्या पिल्लांना त्याच जातीच्या निरोगी उंदरांतल्या तयार टी पेशी टोचल्या आणि आजार टळला. याचा अर्थ त्या टी पेशींत कुणीतरी आवरणारेही असते. त्या काळात अशा ‘दाबणाऱ्या’ पेशींची कल्पना शास्त्रज्ञांत बदनाम झालेली होती. साकागुचींनी दहाहून अधिक वर्षे चिकाटी धरली आणि १९९५ साली त्या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या.

तिकडे अमेरिकेतल्या ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या शेवटी उंदरांची एक विचित्र जात आपोआप निपजली होती. नर पिल्लांची कातडी खवल्यांची, प्लीहा सुजलेली, आयुष्य काही आठवड्यांचे. १९९० च्या दशकात ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांनी या उंदरांमधला दोष नेमका कोणत्या जनुकात आहे ते शोधायला घेतले. शोध घेत घेत संशयित वीस जनुकांवर आला. एकेक तपासत गेले, आणि दोष सापडला तो विसाव्यात! ज्यांनी मार्चअखेरीस रात्री ताळेबंदातला फरक शोधला आहे, आणि तो शेवटच्या लेजरच्या शेवटच्या पानावर सापडला आहे, त्यांना या दोघांचा जीव कसा भांड्यात पडला असेल ते वेगळे सांगायला नको. २००१ साली त्यांनी हे जाहीर केले. जनुकाचे नाव फॉक्स-पी-थ्री. दोनच वर्षांत सिद्ध झाले, की नियामक पेशी घडवणारे जनुक हेच.

याच जनुकात दोष घेऊन काही मानवी बाळेही जन्माला येतात. फार दुर्मिळ विकार आहे. या बाळांमध्ये सुरुवातीलाच दिसणारे लक्षण कोणते? न थांबणारे जुलाब. पुढे मधुमेह, त्वचेवर चट्टे. आवरणारे हात नाहीसे झाले, की पहिली आग आतड्यात लागते, कारण परक्यांची सगळ्यात मोठी वर्दळ तिथेच.

आता गंमत अशी, की या आवरणाऱ्या पेशी सांभाळण्याच्या कामात ते परके जिवाणूही हातभार लावतात. संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात नियामक पेशी कमी असतात. जपानी संशोधकांनी २०११ साली दाखवले, की ठरावीक प्रकारचे जिवाणू तिथे सोडले की त्या वाढतात. २०१३ मध्ये त्यामागचे एक कारणही सापडले. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे भाज्यांच्या शिरा, डाळींची टरफले, भाकरीतला कोंडा, हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या भिंतीचे ते मुख्य इंधन, आणि नियामक पेशी घडण्यालाही त्याची मदत होते. आपण भाडेकरू समजत होतो ते घराच्या डागडुजीत सहभागी निघाले.

शरीर ही सहनशीलता शिकते, आणि शिकण्याचे एक वय असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. हेतू चांगला. मग २००८ साली लंडनच्या संशोधकांना दिसले, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. इस्राएलमध्ये तान्ह्या वयातच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ तोंडात जातो. २०१५ साली ६४० बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला. लवकर आणि नियमित शेंगदाणा खाल्लेल्या बाळांत ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. सल्ला उलटा फिरवावा लागला. आमच्याकडे साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे दाण्याचे कूट, त्यामुळे हे वाचून मला उगाच अभिमान वाटला. पण ज्या बाळाला आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारूनच करायचे. अख्खा दाणा तर कोणत्याच तान्ह्याला द्यायचा नाही, तो घशात अडकतो.

या सगळ्याचा आपल्या आजच्या जगण्याशी संबंध काय? अल्सरेटिव्ह कोलायटिस हा गोऱ्यांचा विकार, आपल्याकडे तो क्वचित, असे पूर्वी मानले जाई. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर पाहणी केली आणि २००३ साली आकडा प्रसिद्ध केला: लाखामागे ४४. गैरसमज तिथेच संपायला हवा होता. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात तर १९९० च्या दशकाच्या आरंभीच दिसले होते, की तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हा विकार गोऱ्यांपेक्षा अधिक आहे. आनुवंशिकता एका पिढीत बदलत नाही. बदलले ते ताट, पाणी, हवा आणि औषधे. यातले नेमके काय किती कारणीभूत आहे, याचा हिशेब अजून पूर्ण जुळलेला नाही.

औषधांपैकी एकाबद्दल मात्र बोललेच पाहिजे. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिक जितक्या वेळा घेतले, तितका आतड्याच्या या विकारांचा धोका वाढलेला दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. न्यूमोनियात, टायफॉइडमध्ये ही औषधे जीव वाचवतात, तिथे कचरू नये. पण साध्या सर्दीला, विषाणूंनी होणाऱ्या तापाला, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पाच गोळ्या आणायच्या आणि दोन खाऊन तीन डब्यात ठेवायच्या, हे आपल्याकडे सर्रास चालते. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. २०१६ मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम झाली. माझा सगळा जन्म नोंदवह्या तपासण्यात गेला, म्हणून सांगतो, वही असणे आणि वही भरणे यांत फार अंतर असते. आणि चिठ्ठीशिवाय गोळी मागणारा हात आपलाच असतो.

दुसऱ्या बाजूला ‘शक्ती वाढवणाऱ्या’ वस्तूंचा बाजार. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ही इजा प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या यकृतावर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, असे म्हटले. वाद कुणीही जिंको. ज्याची यंत्रणा आधीच बिथरलेली आहे, त्याला ती आणखी चेतवण्याचे औषध डॉक्टरांना न विचारता देऊ नये, एवढे कळायला वादाच्या निकालाची गरज नाही. चांगल्या जिवाणूंच्या महागड्या गोळ्यांचेही तसेच. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली स्पष्ट सांगितले, की अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी त्या संशोधनाच्या चौकटीबाहेर वापरू नयेत. ताटातल्या वाटीभर दह्याला कुणाची ना नाही, पण दही म्हणजे औषध नव्हे. कोंड्याचा उपदेशसुद्धा विकार उसळलेला असताना रुग्णाला लागू करायचा नसतो. त्याने काय खावे ते त्याचे डॉक्टर ठरवतील.

आपल्या भाषेत एक फार सुंदर प्रयोग आहे: चूक पोटात घालणे. डोक्यात ठेवणे वेगळे, मनात धरणे वेगळे, पोटात घालणे वेगळे. ज्यांनी तो पहिल्यांदा वापरला त्यांना टी पेशी ठाऊक नव्हत्या. पण समोर येईल त्या प्रत्येकावर तुटून पडणे म्हणजे ताकद नव्हे, हे त्यांना माहीत असावे.

पुतण्या आता बरा आहे. गोळ्या नियमित घेतो. गेल्या दिवाळीत गेलो होतो, तर त्याने स्वतःच्या हाताने चहा केला. मी ती बाटलीची गोष्ट काढली, पहिल्यांदाच. तो म्हणाला, “जाऊ द्या हो काका. गोळ्या मीच बंद केल्या होत्या.” एवढ्यात वहिनी बाहेर आल्या आणि सवयीने त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. “काय भाऊजी, याच्यासाठी या खेपेला शक्तीचं काय आणलंत?”

“काही नाही वहिनी,” मी म्हणालो, “रिकाम्या हातानं आलोय.”